राजा म्हटलं तर चालेल का?

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पलीकडे बार्शीचे दादा, आमचा कुत्रा लाडू आम्ही ज्यांना दिला ते. एरवी ते फोनवर फार घोळ घालत नाहीत. पाऊस, तुरीचा भाव, लाडू बरा आहे, ठेवतो. त्या दिवशी मात्र आधी आईच्या तब्येतीची चौकशी केली, मग माझी, मग पुण्यात थंडी किती आहे ते विचारलं, आणि मग म्हणाले, "ताई, एक विचारू का? राग नाही ना यायचा?" माझ्या पोटात गोळाच आला. गेला, हेच आधी मनात आलं. रस्त्यावर ट्रॉलीखाली आला असेल, विहिरीत पडला असेल, साप चावला असेल. एवढं सगळं डोक्यातून जाऊन येईपर्यंत ते म्हणाले, "त्याला राजा म्हटलं तर चालेल का? लाडू म्हणून हाक मारली की शेजारचे लोक लई हसतेत."

"चालेल की," मी म्हटलं. हसलेसुद्धा. त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण मग ते मोकळेपणानं हुरड्याला यायचं आमंत्रण देऊन फोन ठेवून गेले. मी उरलेली मेथी निवडली, देठं बाजूला केली, पानं धुतली. सगळं नीट चाललं होतं. कणीक मळताना मात्र चिडचीड सुरू झाली, आणि ती कुणावर आहे तेच कळेना. दादांवर चिडायचं काही कारण नव्हतं. माणसानं चक्क परवानगी मागितली होती. कुत्रा त्यांचा, शेत त्यांचं, शेजारी त्यांचे. नाव तेवढं आमचं होतं, आणि ते मी मेथीच्या जुडीसमोर बसून देऊन टाकलं.

लाडू हे नाव मुलानं ठेवलेलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा लातूरच्या मित्राच्या घरून तो हे पिल्लू बुटाच्या खोक्यातून घेऊन आला. पोट टम्म, पाय चिमुकले, गोल गोल चालणार. पोट जंतांनी फुगलेलं आहे हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. जंताचं औषध झालं आणि थोड्याच दिवसांत त्याचं लाडूपण संपलं, नाव राहिलं. पुढे तो असा काही उंच आणि सडपातळ होत गेला की नावाचा आणि त्याचा संबंधच उरला नाही. कारवानी कुत्रा तो. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं, आणि चार बरगड्या कायम मोजता येतील अशा. बागेतली म्हातारी माणसं मला थांबवून विचारायची, "अहो, याला खायला घालता ना?" एक आजोबा तर माझ्याकडे रागानं बघत त्याला ग्लुकोजची बिस्किटं द्यायचे. मी सुरुवातीला समजावून सांगायचे की ही जातच अशी आहे, माळावर सशामागं धावणारी, अंगावर चरबी धरतच नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी हीच कुत्री जोपासली आणि पंचम जॉर्जला भेट दिली, २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीटसुद्धा काढलं, वगैरे. आजोबा ऐकून घ्यायचे आणि आणखी एक बिस्किट काढायचे.

या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट सांगितली तर कुणाला पटत नाही: ती प्रचंड आळशी असतात. दिवसाचे कितीतरी तास लाडू झोपलेला असायचा. थंडी त्याला सोसायची नाही. अंगावरचे केस आखूड आणि खाली चरबी नाही, त्यामुळे नोव्हेंबर लागला की आईच्या जुन्या नऊवारीची गोधडी त्याची. नाकानं तो गोधडीची कड उचलायचा, आत शिरायचा, आणि आत शिरल्यावर एक मोठा सुस्कारा टाकायचा. घरात कुत्रा आहे हे पाहुण्यांना तासाभरानं कळायचं. पण दिवसातून दोन-तीनदा त्याच्या अंगात यायचं. दाराची बेल वाजली, मांजर दिसलं, किंवा काहीच झालं नाही तरी. मग तो बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून परत, पॅसेजमधून असा सुटायचा की फरशीवर नखांचा नुसता खडखडाट. सव्वीस किलोचं जनावर, आणि त्याच्या धावेला पुरेल एवढं घर पुण्यात कुणाकडे आहे?

तोच पॅसेज आईचा.

आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे आली. वॉकर घेऊन चालायची. तिची खोली पॅसेजच्या एका टोकाला, बाथरूम दुसऱ्या टोकाला. लाडूच्या पायाचा आवाज आला की ती वॉकर भिंतीला टेकवायची, स्वतः पाठ भिंतीला लावायची, आणि तो जाईपर्यंत डोळे मिटून उभी राहायची. एक शब्द तक्रारीचा नाही. उलट तो झोपला की त्याच्या कपाळावर बोट फिरवत बसायची. आम्ही लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक आणून पॅसेजला लावलं. लाडूनं ते जागेवरून उडी मारून ओलांडलं आणि आमच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहिलं. पहाटे टेकडीवर पळवून दमवायचं ठरवलं. पण वेताळ टेकडीवर मोर आहेत, त्याला पट्ट्यातून सोडणं शक्य नव्हतं, आणि पट्ट्याला बांधून मी कितीशी पळणार? एका दुपारी बेल वाजली, तो सुटला, आईच्या वॉकरचा पाय त्याच्या पायात आला. आई पडली नाही. आईकडे दिवसभर असतात त्या मावशींनी मागून धरली. पण मावशींचा पांढरा पडलेला चेहरा मी पाहिला, आणि आई जे बोलली ते ऐकलं. ती म्हणाली, "त्याला लागलं का बघ आधी."

त्या रात्री मुलाला फोन केला. तो जर्मनीत शिकतोय. त्यानं आधी लाडूला तिकडेच न्यायचं काढलं. आम्ही चौकशीही केली. रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, आणि रक्त काढल्यापासून पुढे ३ महिने थांबायचं. भारतातून युरोपात कुत्रा न्यायचा तर असा नियम. ते सगळं करता आलंही असतं. पण मुलगा राहतो त्या खोलीत लाडूला नीट वळताही आलं नसतं, आणि घरमालकीण मांजरालाही तयार नव्हती. मग तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "आजीचं बरोबर आहे." आजीनं काही म्हटलंच नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

लोकांना वाटलं सोसायटीनं काढायला लावला. तसं असतं तर सोपं झालं असतं, कारण ती लढाई मी आधीच जिंकले होते. लिफ्टवरून वाद झाला तेव्हा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या परिपत्रकाची प्रत काढून नोटीस बोर्डावर लावणारी मीच. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, या वाक्याखाली लाल रेघ मारून. आता तेच सभासद लिफ्टमध्ये हळहळत होते. एकीनं तर विचारलं, "मग आता लिफ्टचं काय ठरलं?" मला खरंच उत्तर सुचलं नाही.

घर शोधणं हा एक वेगळाच अनुभव असतो. फोटो आणि चार ओळी ग्रुपवर टाकल्या की माणसांचे किती प्रकार आहेत ते घरबसल्या समजतं. एकानं विचारलं, पेपर आहेत का, पैदास करता येईल का. नसबंदी झालीय म्हटल्यावर त्यानं निरोपही न घेता ग्रुप सोडला. एकाला गोदामाला बांधून ठेवायला हवा होता, चोवीस तास. एक गृहस्थ फार गोड बोलले, कारवानीची त्यांना खरी माहिती होती, लाडूच्या छातीचं वर्णन त्यांनी नुसत्या फोटोवरून असं केलं की मला अभिमान वाटला, आणि शेवटी म्हणाले, "सशाला उत्तम चालेल." वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मी नाही म्हटलं. निवाऱ्यांमध्ये जागा नव्हती, आणि जिथं होती तिथं तो गोधडीशिवाय कसा झोपेल हे विचारायची मला लाज वाटली. पहाटे टेकडीच्या पायथ्याशी झाडाला बांधलेली चांगल्या जातीची कुत्री मी पाहिली आहेत. शेजारी पाण्याचं भांडं, गळ्यात महागडा पट्टा. पूर्वी त्या बांधणाऱ्यांना मी सरसकट शिव्या द्यायचे. अजूनही देते, पण मधे एक श्वास जातो. भूक-तहानेनं हाल होतील अशा अवस्थेत जनावर विनाकारण सोडून देणं १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. टेकडीखाली दोघांचा चहा आणि वडापाव याहून महाग पडतो.

याच काळात एका मामेभावानं घरच्या ग्रुपवर युधिष्ठिराची आठवण करून दिली. कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला त्यानं इंद्राला नकार दिला आणि तू एका पॅसेजसाठी, वगैरे. मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की शेवटी पाठवलं नाही. पण ते माझ्या मनात अजून चालू आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडला; प्रत्येकाचा दोष कोणता ते सांगून युधिष्ठिर मागं वळून न बघता चालत राहिला. कुत्र्यापाशी येऊन मात्र थांबला. धर्मराजाला शोभत असेल ते. पण त्याच्या घरात वॉकर घेऊन चालणारी आई नव्हती. कुंती त्याआधीच वणव्यात गेली होती. आणि आणखी एक मला परवा, त्या फोननंतर जाणवलं: हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत सोबत आलेल्या त्या कुत्र्याला एवढ्या मोठ्या महाभारतात नावच नाही. युधिष्ठिर त्याला हाक काय मारत असेल?

बार्शी मावशींकडून निघाली. त्यांचं माहेर बार्शी तालुक्यात. भावाची सहा एकर जमीन, ज्वारी आणि तूर, दोन म्हशी, शेळ्या, वस्ती रानात. त्यांचा जुना कुत्रा म्हातारपणानं गेला होता. दादा पुण्याला येऊन लाडूला बघून गेले. खरं तर मी त्यांची मुलाखत घेत होते: लस कुठं देणार, गोचीड झाले तर काय करणार, रस्ता किती लांब. ते प्रत्येक प्रश्नाचं शांतपणे उत्तर देत होते, चहाचा कप हातात, नजर लाडूवर. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "झोपतो कुठं?" मी म्हटलं, "पलंगावर. गोधडीत." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गोधडी द्या बरोबर. पलंगाचं बघू."

आम्ही डिसेंबरात निघालो, पहाटे अंधारात. हडपसर सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. लाडूला गाडी लागते, तो यवतला एकदा ओकला, मग मागच्या सीटवर डोकं माझ्या मांडीवर ठेवून पडून राहिला. भिगवणला उजाडलं. उजनीचं पाणी रस्त्यापर्यंत चमकत होतं. टेंभुर्णीच्या अलीकडे भीमानगरचा फाटा आला, आणि नवऱ्यानं काही न विचारता गाडीचा वेग कमी केला. माझं लहानपण तिथं गेलं. वडील पाटबंधारे खात्यात, उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि आम्ही त्यानंतर काही वर्षं त्या कॉलनीत होतो. फाट्यावर उतरलो नाही. लाडू झोपला होता.

कॉलनीत प्रत्येक क्वार्टरला एक कुत्रा असायचा. म्हणजे माणसांना नव्हे, क्वार्टरला. बदली झाली की क्वार्टर सोडताना एक यादी करावी लागे: पंखे इतके, नळ इतके, बल्बचे होल्डर इतके, खिडकीची एक काच तडकलेली. ओव्हरसियर येऊन एकेक वस्तू तपासून सही घ्यायचा. कुत्रा यादीत नसे, पण तो यादीतल्या सामानाइतकाच ठामपणे पुढच्या साहेबांकडे जाई. आमच्याकडे मोती होता. आम्ही आलो तेव्हा तो पायरीवरच बसलेला होता. बाबांनी नाव ठेवलं मोती, आणि तो पहिल्या दिवसापासून त्या नावाला उठायचा, म्हणून आम्हाला त्याच्या हुशारीचा फार गर्व. पुढे चौकीदारानं सांगितलं की आधीच्या साहेबांकडे तो जिमी होता, आणि त्याच्याही आधी आणखी काही. संध्याकाळी जीपचा आवाज आला की तो फाटकापर्यंत धावत जायचा. जीप खात्याची होती, आतले साहेब बदलत होते, पण फाटकाशी धावणारा तोच.

आमची बदली झाली तेव्हा मी सातवीत होते. ट्रकमध्ये सामान चढलं, मी रडून गोंधळ घालणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मीही धरलं होतं. प्रत्यक्षात मोतीनं ट्रकच्या चाकावर पाय वर केला, भाऊ हसला, मीही हसले, आणि ट्रक निघाला. काही महिन्यांनी कॉलनीतल्या काकूंचं पत्र आलं. त्यात शेवटी एक ओळ होती की नवीन साहेबांनी मोतीचं नाव टॉमी ठेवलंय आणि तो मजेत आहे. मला आठवतं, तेव्हा मला आनंद झाला होता. निखळ आनंद. त्या वयात दुसऱ्याचं मजेत असणं ही चांगलीच बातमी असायची.

वस्तीवर पोचलो तेव्हा ज्वारी छातीइतकी उभी होती, कणसं भरलेली. लाडू गाडीतून उतरला आणि जागच्या जागी थिजला. शेण, शेळ्या, ओली माती, चूल, म्हशीचं रेडकू. त्याच्या नाकाला एकदम किती कामं लागली असतील. शेपूट आधी पायात, मग हळूहळू बाहेर. वहिनींनी पितळीत दूध-भाकरी कुस्करून ठेवली, त्यानं वास घेतला आणि सोडून दिली. मग तो ज्वारीच्या कडेनं चालत निघाला, चालता चालता दुडकी चाल धरली, आणि बांधावर मोकळं दिसल्यावर पळाला. मी त्याला इतक्या वर्षांत तसं पळताना कधीच पाहिलं नव्हतं. चारही पाय पोटाखाली एकत्र येत आणि परत पूर्ण सुटत. पॅसेजमध्ये तो जे करायचा ते याचं पहिलं पाऊलसुद्धा नव्हतं. मी मोबाइल काढला आणि खाली ठेवला. दादा बाजूला येऊन उभे राहिले. "निघा आता," ते म्हणाले, "तो तिकडं आहे तवर."

म्हणजे निरोप असा झालाच नाही. त्याच्या कानाशी काहीतरी बोलायचं मी यवतपासून जुळवत होते, ते तसंच परत आलं. गोधडी आणि लसीचं पुस्तक वहिनींच्या हातात दिलं. पुस्तकावर मालकाच्या नावाच्या ओळीत पुण्याच्या डॉक्टरांच्या मदतनिसानं आदल्या दिवशीच माझ्या नावावर रेघ मारून खाली दादांचं नाव लिहिलं होतं. रेघ अगदी सरळ होती, पट्टी लावून मारलेली.

संध्याकाळी दादांचा फोन. "मस्त हाय. पळतो, खातो. काळजी करू नका." मी बरं म्हटलं, आभार मानले, आईला सांगितलं, मुलाला मेसेज केला. आणि मग गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण मला सहन होत नव्हतं. एवढ्यात? मला तो सुखी हवा होता, त्यासाठीच तर सगळी यातायात, पण पहिल्याच संध्याकाळी? एक दिवस तरी त्यानं जेवू नये. एक रात्र तरी रस्त्याकडे तोंड करून बसावं. ज्या जिवासाठी मी इतक्या लोकांना नकार दिले त्याच्यासाठी मी हे मागत होते, आणि ते किती हीन आहे हे कळत असूनही मागत होते.

पुढच्या आठवड्यात मावशी माहेरी जाऊन आल्या. भाजी चिरताना सहज बोलून गेल्या, "दादानं तुम्हाला सांगितलं नसंल. दोन दिवस त्यानं तोंड लावलं नाही कशाला. रात्री फाट्याकडं जाऊन बसायचा. दादा जाऊन आणायचा उचलून." माझ्या छातीत असं काही सैल झालं की मला मान वळवावी लागली. सुखच होतं ते, दुसरं नाव देता येणार नाही. मागोमाग त्या रस्त्यावरचा काळोख आला, थंडी आली, त्याच्या अंगावर चरबी नाही हे आलं. दोन्ही एकदम. दादांनी खोटं का सांगितलं तेही कळलं, आणि माझ्यासारख्या अनोळखी बाईसाठी सव्वीस किलोचा कुत्रा रोज रात्री उचलून आणणारा माणूस मला एकदम फार जवळचा वाटला. मी त्यांना कधी सांगितलं नाही की मला माहीत आहे.

डॉक्टर म्हणाले होते, काही महिने भेटायला जाऊ नका, व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवू नका, तो गोंधळेल. तो किती गोंधळला असता कोण जाणे, मी मात्र इकडे रोज संध्याकाळी सहाला चपला घालून उभी असायची. शेवटी एकटीच फिरायला जायला लागले. त्या रस्त्यावर आमची एक टोळी आहे, कुत्री फिरवणाऱ्यांची. ब्रूनोचे बाबा, शेराची आजी, कोकोवाली. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांची आजारपणं, मुलांची लग्नं, घरांचे हप्ते सगळं बोललो, पण नावं विचारलेली नाहीत. मी लाडूची आई. पहिल्या दिवशी मी रिकाम्या हातानं गेले तेव्हा ब्रूनोच्या बाबांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि मला काय म्हणून हाक मारायची ते न सुचून हात खाली घेतला. ब्रूनो मात्र माझी ओढणी हुंगत राहिला. त्याला त्यात अजून लाडू मिळत असणार.

"लेक सासरी पाठवल्यासारखं झालं असेल ना?" असं मला इतक्या जणींनी म्हटलं की मी हसून मान हलवायला शिकले. मला ते पटत नाही. लेक फोन करते, भांडते, दिवाळीला येते, सासूच्या कागाळ्या सांगते. शिवाय ते बोलणाऱ्या बहुतेकजणी स्वतः कधीकाळी पाठवल्या गेलेल्या, आणि त्यांना कसं झालं होतं ते कुणी विचारलेलं नसतं.

राजाचा फोन झाल्यावर मी ते आईला रात्री सांगितलं, विनोद म्हणूनच. ती वाती वळत होती. हसली नाही. म्हणाली, "कळतं का त्याला?" मी म्हटलं, काय. "की आपल्यालाच हाक मारताहेत." मग वातीवरून नजर न काढता तिनं सांगितलं, लग्नात ताटातल्या तांदळावर तुझ्या बाबांनी अंगठीनं नवीन नाव लिहिलं, ते कसलं मला वाचता येतंय, डोळ्यांत धूर. सासरी कितीतरी महिने हाक मारली की लक्षच जायचं नाही. तुझी आजी ओरडायची, बहिरी आहे का ही. मी विचारलं, वाईट वाटायचं? "नावाचं नाही वाटायचं," ती म्हणाली. "माझा भाऊ पत्र पाठवायचा ना, तो पाकिटावर नवीन नाव घालायचा. पोस्टमनला कळायला हवं म्हणून. आत पण तेच लिहायला लागला. त्याचं वाटायचं."

आईचं माहेरचं नाव मला माहीत होतं, लग्नपत्रिकेवर पाहिलेलं. पण तिला त्या नावानं हाक मारणारं आता कुणीच उरलेलं नाही, हे मी कधी मोजलं नव्हतं. मामा गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्या रात्री ते एकदा उच्चारून बघावं असं वाटलं, आणि धाडस झालं नाही. ती वाती वळत राहिली. पॅसेजमधून जाताना ती अजून मधल्या जागी वॉकर जरा वर उचलते, लाडू आडवा पडायचा त्या जागी. मीही तिथं पाय लांब टाकते. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी वेड्या आहात, आणि अंधारात स्वतः तेच करतो.

मुलाला नाव बदलल्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "राजा? इतकं कॉमन?" त्याला हेच लागलं. मी जूनमध्ये आलो की आपण जाऊ आणि मी लाडूच म्हणणार, असं त्यानं जाहीर केलं. आई म्हणते मलापण यायचंय. वॉकर घालून त्या बांधावर कशी चालणार विचारलं तर म्हणते, गाडीतून बघीन. यावर आमचे रोज वाद चालू आहेत. नवरा म्हणतो उन्हात कशाला, पाऊस पडल्यावर जाऊ, आणि पाऊस पडल्यावर वस्तीचा रस्ता चिखलाचा होतो हे त्याला मान्य नाही.

मध्यंतरी माझ्या मोबाइलमध्ये सकाळी गजर वाजला: लाडू, रेबीज. दर वर्षीची लस, मीच कधीतरी घालून ठेवलेली आठवण. मी लगेच बार्शीला फोन लावला, पुस्तकात तारीख बघा, राहील बरं का, म्हणून. दादा रानात होते, वारा येत होता. "झाली की ताई, मागल्याच आठवड्यात. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन आणला मोटरसायकलवर. पुढं टाकीवर बसवून. तुम्ही फोन करायची काय गरज नव्हती." टाकीवर कसा बसला, उडी मारली नाही का, हेल्मेटला घाबरला का, मी विचारत गेले. त्यांनी सगळं सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं, मग म्हैस सोडायची म्हणून ठेवला. ती आठवण मी मोबाइलमधून काढलेली नाही. पुढच्या वर्षी वाजेल, मी परत फोन करीन, आणि त्यांना कंटाळा आला तर ते तसं सांगतीलच.